शेपटीचा पुरावा

आमच्याकडे हस्त म्हणजे पाऊस. सप्टेंबर सरता सरता भात निसवतं, दुपारनंतर ढग गोळा होतात आणि गडगडलं की म्हातारी माणसं म्हणतात, हत्ती आला. पाटावर हत्ती काढून मुली हादगा खेळायच्या. आता क्वचित कुठे. गंमत अशी की ज्या नक्षत्राच्या नावाने हे सगळं चालतं ते त्या दिवसांत कुणालाच दिसत नाही, कारण सूर्यच तिथे जाऊन बसलेला असतो. हस्त बघायचा तर मार्च-एप्रिलच्या रात्री, दक्षिणेकडे तोंड करून, चित्रेच्या उजवीकडे थोडं खाली. पाच मध्यम तेजाच्या चांदण्या, त्यातल्या चार मिळून एक वाकडा चौकोन. चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातली चांदणी धरायची आणि तिथून पश्चिमेला साडेतीनेक अंश सरकायचं. तिथे दोन दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे दोन प्रचंड समूह, एकमेकींत घुसलेल्या आहेत.

विल्यम हर्शेलने १७८५ साली त्या पाहिल्या. एनजीसी नावाच्या यादीत त्यांचे क्रमांक ४०३८ आणि ४०३९. रोजच्या बोलण्यात अँटेनी, कारण दोघींतून निघालेल्या दोन लांब वाकड्या शेपट्या किड्याच्या मिशांसारख्या दिसतात. दिसतात म्हणजे फोटोत. परसातल्या आठ इंची दुर्बिणीला डोळा लावून बघाल तर एक धुरकट, किंचित वाकलेला ठिपका दिसेल आणि तुम्ही भिडेखातर "वा" म्हणाल. पाहुणे म्हणतातच. शेपट्या त्यात नसतात. तीन मिनिटांच्या एका फोटोतही नसतात. रात्रभरचे फोटो एकावर एक रचल्यावर काळ्यापेक्षा जरा कमी काळं असं काहीतरी कडेला सरकताना दिसतं, आणि मग ते खरं आहे का, हा प्रश्न सुरू होतो. या छंदात मला सगळ्यात जास्त रस त्या प्रश्नात आहे.

कारण दोन दीर्घिकांची भेट झाली की नाही, हे त्यांच्या झगझगीत गाभ्यावरून सहसा कळत नाही. आकाशात शेजारी दिसणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींपासून कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर असू शकतात. एक पुढे, एक मागे, आणि आपण मधल्या रेषेत. भेटीचा पुरावा असतो तो कडेला. ओढून निघालेली शेपटी, दोघींमधला पूल, वाकडी झालेली चकती. सगळं फिकट. जितकं फिकट तितकं बोलकं.

आणि या शेपट्या गुरुत्वाकर्षणाने निघतात, हे तरी कुठे सगळ्यांना पटकन पटलं होतं? स्वीडनमधल्या एरिक होल्मबर्गने १९४१ साली एक प्रयोग केला. तो वाचला तेव्हा मला त्या माणसाला आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहाला बोलवावंसं वाटलं. संगणक नव्हता. त्याने ७४ विजेचे दिवे घेतले, प्रत्येक दीर्घिकेला ३७. दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, गुरुत्वाकर्षणही तसंच. म्हणजे एखाद्या जागी चारी बाजूंनी किती प्रकाश येतो ते मोजलं की तिथे ओढ किती आणि कुठल्या दिशेला, ते कळलं. फोटोसेल लावून मोजायचं, दिवे हाताने तेवढे सरकवायचे, पुन्हा मोजायचं. दीर्घिकांची टक्कर त्याने टेबलावर लावली. तरी लांब, बारीक शेपट्यांबद्दल शंका उरल्याच. चुंबकीय क्षेत्रं वगैरे कारणं पुढे आली. अखेर १९७२ साली एस्टोनियात जन्मलेल्या अलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर अँटेनी, व्हर्लपूल अशा जोड्या मांडून दाखवल्या. भरतीची ओढ, म्हणजे जवळच्या बाजूला जास्त आणि लांबच्या बाजूला कमी बसणारी गुरुत्वाकर्षणाची ओढ, पुरेशी असते. जवळून, सावकाश, आणि चकती ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने पाहुणी दीर्घिका गेली, की एका बाजूने पूल निघतो आणि विरुद्ध बाजूने शेपटी. तारे या सगळ्यात एकमेकांवर जवळजवळ आदळतच नाहीत, मध्ये एवढी मोकळी जागा असते. आदळतो तो वायू, आणि त्यातून नवे तारे पेटतात.

माझं घर जांबोटी रस्त्यावरच्या एका गावात. ईशान्येला बेळगावचा उजेड आहे आणि तो दर वर्षी थोडा वर चढतो. दक्षिणेला भीमगडच्या बाजूचं जंगल, तिकडे दिवा नाही. या कामाला ही जागा चांगलीच म्हणायची. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे अँटेनी सगळ्यात वर चढतात तेव्हा क्षितिजापासून ५५ अंश उंच असतात. लंडनमधल्या छंदिष्टाला त्याच दीर्घिका जेमतेम २० अंशांवर मिळतात, छपरांच्या आणि धुरक्याच्या वर कशाबशा.

पण याच अक्षांशाचा एक त्रास आहे. ध्रुव १६ अंशांवर, म्हणजे शेजारच्या आंब्याच्या मागे. आणि विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या आसाभोवती दुर्बीण फिरवणारी बैठक, बनवणारे लोक बहुधा आपल्या थंड देशांचा विचार करून बनवतात. माझ्या माउंटची कोनपट्टी २० अंशांवर संपते. त्याखाली नेलं तर वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. म्हणून उद्यमबागेतल्या एका टर्नरकडून जाड पाइपचा खांब करून घेतला आणि वर बसवायला पाच अंशांची पाचर.

"पाच म्हणजे पाचच, का पाचाच्या आसपास?" मेस्त्रींनी विचारलं.

"आसपास चालेल मेस्त्री, वर स्क्रू आहेत."

"आसपासच करायचं तर गल्लीतल्या वेल्डरकडं जायचं होतं की."

आणि साइन बारवर, म्हणजे अचूक कोन लावायच्या पट्टीवर, लावून पाच केली. दुर्बीण कशाला, काय बघता, हे त्यांनी विचारलं नाही. खांब कुठल्या दिशेला किती सेकंदांत किती हलला तर चालेल, एवढं मात्र विचारलं. मोजमाप करणाऱ्या माणसाने विचारायचा प्रश्न तोच.

माझं कामही त्याच वसाहतीत, तपासणी विभागात. हायड्रॉलिकचे सुटे भाग येतात, मी ते मोजतो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो: जॉब मोजायच्या आधी गेज मोज. दोन मायक्रॉनची चूक शोधायची आणि गेजच तीन मायक्रॉनने खोटं बोलत असेल, तर तू जॉब मोजत नाहीस, गेज मोजतोयस. फिकट दीर्घिकांचं फोटोशास्त्र हेच आहे. फक्त इथे आकडे जास्त क्रूर.

हिशेब असा. शहरापासून दूर, चंद्र नसलेल्या रात्रीचं आकाशही पूर्ण काळं नसतं; दर चौरस आर्कसेकंदाला, म्हणजे आकाशाच्या एका चिमुकल्या चौकोनाला, त्याची प्रत २१.५ च्या आसपास धरू. प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकं फिकट. फिकट शेपट्यांची प्रत २६ ते २७. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट. म्हणजे मला जी शेपटी हवी तिचा उजेड, तिच्या मागेपुढे पसरलेल्या 'काळ्या' आकाशाच्या उजेडाचा शंभरावा हिस्सा. आता कॅमेऱ्याच्या काचेवर धुळीचा एक कण बसला आणि त्याच्या सावलीने तिथला उजेड एक टक्का कमी झाला, किंवा दुर्बिणीच्या नळीत कुठून तरी चोरून उजेड आला आणि एक टक्का वाढला, तर ती खोटी शेपटी खऱ्या शेपटीइतकीच ठळक.

म्हणून फ्लॅट. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर, चांदण्या उगवायच्या आत, नळीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून बांधायचं आणि एकसारख्या उजेडाचे फोटो काढायचे. कापड म्हणून आजोबांच्या धोतराचं पान वापरतो. विकतच्या पॅनेलपेक्षा ते एकसारखं आहे असा माझा दावा आहे आणि तो मी तपासलेलाही आहे. त्या फोटोत दुर्बिणीचे सगळे दोष उमटतात: कोपऱ्यातला अंधार, धुळीची वर्तुळं. खऱ्या फोटोला त्याने भागायचं. मग डार्क, म्हणजे झाकण लावून तेवढ्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाचे फोटो, सेन्सर स्वतःहून काय बडबडतो ते टिपायला. ते भागायच्या आधी वजा करायचं. सिरिल नावाचं फुकट सॉफ्टवेअर ही आकडेमोड करतं, फोटो चांदण्यांवर चांदण्या ठेवून रचतं, उपग्रहांच्या रेघा आणि विमानांचे दिवे बाजूला टाकतं. पण किती रचायचे? आवाज, म्हणजे फोटोतली खरखर, कमी होतो तो संख्येच्या वर्गमुळाने. चौपट वेळ दिला तर दुप्पट फायदा. एका रात्रीच्या दुप्पट चांगलं हवं तर चार रात्री, त्याच्याही दुप्पट हवं तर सोळा. या वसुलीत कुठली सूट नाही.

आणि सोळा रात्री आणायच्या कुठून? दीर्घिकांचा हंगाम आणि आमच्या धुराचा हंगाम एकच. मार्चमध्ये शेतातला पालापाचोळा पेटतो, डोंगरावर गवत पेटतं, आणि दक्षिणेचं आकाश दुधासारखं होतं. एप्रिलात गावागावांत लक्ष्मीच्या जत्रा. त्या वर्षी आसपास कुठे जत्रा असली तर हॅलोजन आणि आकाशात फिरणारे झोत. तक्रार नाही, जत्रेला मीही जातो. मग वळीव येतो. पहिल्या वळवाने सगळी धूळ खाली बसते आणि त्याच्या दुसऱ्या रात्री, ढग हटले तर, जे आकाश मिळतं त्यासाठी मी रजा टाकतो. मेमध्ये जंगलाच्या कडेला काजवे सुरू होतात. एखादा नळीच्या तोंडावरून गेला तर तो फोटो फुकट; पण काजव्यावर कोण रागावणार?

शेपटी खरी की खोटी, हे ठरवायची माझी रीत सांगतो, कारण ती मला कुठल्या पुस्तकाआधी कारखान्यात मिळाली. प्रत्येक दोष कशाला तरी चिकटलेला असतो. कॅमेऱ्याला चिकटलेला दोष कॅमेऱ्याबरोबर फिरतो. जर्मन पद्धतीच्या माउंटवर दीर्घिका मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा, ओलांडते तेव्हा दुर्बीण पलीकडच्या बाजूला उलटवावी लागते आणि चित्र १८० अंशांत फिरतं. बहुतेकांना हा व्यत्यय वाटतो, मला ती फुकटची चाचणी वाटते. उलटवण्याआधीचे फोटो वेगळे रचायचे, नंतरचे वेगळे. शेपटी चांदण्यांबरोबर फिरली तर ठीक, चौकटीच्या त्याच कोपऱ्यात राहिली तर ती माझ्या काचेची. दुसरा दोष जमिनीला चिकटलेला: बेळगावचा उजेड, कुणाच्या तरी पडवीतला दिवा. तो रात्रभरात दीर्घिकेच्या तुलनेत दिशा बदलतो, म्हणून संध्याकाळचे आणि पहाटेचे फोटोही वेगळे रचून बघायचे. सिंह राशीतल्या तीन दीर्घिकांपैकी एनजीसी ३६२८ ला पूर्वेकडे सुमारे तीन लाख प्रकाशवर्षं लांबीची शेपटी आहे. पूर्वा फाल्गुनीच्या जवळच हे त्रिकूट, आमच्याकडे जवळपास डोक्यावर येतं. त्यातली शेपटी माझ्या फोटोत दोन्ही चाचण्यांतून पार पडली तेव्हा मी घरात जाऊन पाणी प्यायलो आणि पुन्हा बाहेर येऊन सगळं पहिल्यापासून रचलं.

हल्ली आवाज पुसून देणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. एक बटण, आणि खरखरीत आकाश मखमली. पक्षी, लग्न, मुलांचे वाढदिवस यांना जरूर वापरा. पण जिथे खरी गोष्ट आणि आवाज यांची उंची जवळजवळ सारखीच, तिथे काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे एका यंत्राने आधी पाहिलेल्या हजारो सुंदर फोटोंवरून ठरवावं, हे मला पटत नाही. तपासणीच्या टेबलावर पॉलिश करायला परवानगी नसते.

कॅमेरा सुटला, जमीन सुटली. तरी एक दोष उरतो, आणि तो आकाशालाच चिकटलेला आहे. हॉल्टन अर्प या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाचं नाव या छंदात देवासारखं घेतलं जातं. १९६६ साली त्याने विचित्र दीर्घिकांचा नकाशासंग्रह काढला, ३३८ नोंदींचा, पालोमारच्या दुर्बिणींतून घेतलेल्या फोटोंचा. अँटेनी त्यात २४४, व्हर्लपूल ८५, सिंहातलं त्रिकूट ३१७. त्याच्या आदल्या वर्षी, १९६५ साली, त्याला एम ८१ दीर्घिकेच्या कडेला एक फिकट कमान सापडली. एम ८१ आणि तिची शेजारीण एम ८२ यांची ओढाताण तर सर्वज्ञात, तेव्हा कमान त्यातूनच निघाली असं मानणं अगदी सरळ होतं. पुढे कित्येक वर्षांनी लक्षात आलं की तिचा बराचसा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा आहे. एक कोटीहून जास्त प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेसमोर आपल्याच अंगणातला धुरळा, आपल्याच ताऱ्यांच्या उजेडात चमकणारा. तो चांदण्यांबरोबर फिरतो, पहाटेही तिथेच असतो, माझ्या दोन्ही चाचण्या हसत पार करतो. त्याला पकडायला दूर अवरक्त किरणांतले नकाशे लागतात. धूळ तिथे ऊब टाकते, ताऱ्यांची शेपटी टाकत नाही.

अर्पची दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. कालेय तारकासमूहातली एनजीसी ४३१९ ही दीर्घिका आणि तिच्या शेजारी दिसणारा मार्केरियन २०५ हा क्वासार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा झगझगीत गाभा. ताम्रसृतीप्रमाणे, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला यावरून, दीर्घिका सुमारे आठ कोटी प्रकाशवर्षांवर आणि मार्केरियन शंभर कोटींच्या आसपास. अर्पला दोघांच्या मध्ये प्रकाशाचा एक पूल दिसला. पूल खरा असेल तर दोघे शेजारी, आणि मग ताम्रसृती म्हणजे अंतर हे समीकरणच डळमळतं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी तो योगायोग मानला, एक पुढे एक मागे. अर्पने शेवटपर्यंत मानला नाही. त्याच्या निरीक्षणांना गांभीर्याने घेणारे जे थोडे होते त्यांत जयंत नारळीकर होते. शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले, म्हणून आम्हाला जरा जास्तच आपले. १९९३ साली दोघांनी मिळून शोधनिबंधही लिहिला. माझ्यापुरतं विचाराल तर मला योगायोगाची बाजू पटते. पण ज्या डोळ्याने ३३८ खऱ्या विचित्र गोष्टी वेचल्या, त्याच डोळ्याला तो पूलही दिसला, हे विसरून चालत नाही. म्हणून माझ्या फोल्डरमध्ये प्रत्येक फोटोच्या शेजारी न उजळवलेली मूळ प्रत असते. उजळवलेला फोटो पाहुण्यांसाठी, मूळ प्रत भांडणासाठी.

दीर्घिका संपते कुठे, हाही असाच मुद्दा. तिला कुंपण नसतं. उजेड कमी कमी होत आकाशात मिसळतो, म्हणून खगोलशास्त्रज्ञ एक प्रत ठरवतात आणि तिथपर्यंत दीर्घिका म्हणतात. कुणी २५ घेतात. तो दिवेवाला होल्मबर्ग २६.५ घ्यायचा, त्या त्रिज्येला त्याचंच नाव आहे. म्हणजे मोजणारा जिथे थांबला तिथे सीमा. आमच्या तालुक्यात हे वाक्य जरा आजूबाजूला बघूनच बोलावं लागतं.

व्हर्लपूलबद्दल थोडक्यात, कारण तिचे फोटो सगळ्यांनीच काढले आहेत. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची, त्याच्या जवळ. लग्नात अरुंधती दाखवायला भटजी नवरा-नवरीला अंगणात नेतात, तिथून जेमतेम दोन ताऱ्यांच्या अंतरावर ही जोडी आहे, आणि ते कुणी दाखवत नाही. १८४५ साली लॉर्ड रॉसने आयर्लंडमध्ये ७२ इंची दुर्बिणीतून तिचे वळसे पहिल्यांदा ओळखले आणि हाताने चित्र काढलं. मोठीच्या टोकाला धाकटी, एनजीसी ५१९५. सगळे वळशांचे फोटो काढतात. मला धाकटीच्या भोवती वर पसरलेला फिकट पिसारा आवडतो. पण तो ईशान्येच्या उजेडातून वर यायला मध्यरात्र होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असते.

अँटेनीचा फोटो मोठा छापून मेस्त्रींना दिला. त्यांनी तो लेथच्या मागे, लक्ष्मीच्या कॅलेंडरशेजारी लावला. बघून म्हणाले, "हे मधलं समजलं. हे शेपूट तुम्ही रंगवलंय काय?" मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप नेला, दुर्बीण उलटवण्याआधीची रचना आणि नंतरची रचना, दोन्ही दाखवल्या. त्यांनी चष्मा वर केला, दोन्हींवर बोट ठेवून तारे मोजले, आणि "मग असू दे" म्हणाले. आजवर मिळालेल्या शेऱ्यांत हा मी सगळ्यात वरचा मानतो.

आता डोळा आहे सेंटॉरस ए वर, एनजीसी ५१२८. दोन दीर्घिकांची भेट तिथे कधीच उरकली. आता एकच उरली आहे, कमरेला धुळीचा पट्टा बांधलेली. तिच्या भोवती फिकट कवचं आहेत, एकाबाहेर एक. ती गिळलेल्या दीर्घिकेच्या ताऱ्यांची मानली जातात. डेव्हिड मॅलिनने ऑस्ट्रेलियात फोटोच्या काचेवरचे अगदी पुसट थर वाढवायची पद्धत बसवली, तिच्यामुळे १९८३ साली ती समोर आली. आमच्याकडे ती दक्षिणेला ३१ अंशांपर्यंत चढते, जंगलावर, उत्तम काळोखात. मध्ये फक्त शेजारच्या काकूंच्या फणसाची एक फांदी. विचारलं तर म्हणाल्या, "तोड की, पण फणस उतरल्यावर." फणस उतरतात जूनमध्ये, तोवर पाऊस लागलेला असतो.